न येणारं उत्तर : ‘सेलर मून’चं पाचवं पर्व

आज बाळकुमला आमच्यासमोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. ज्यांना ‘सेलर मून’ तोंडपाठ आहे ती, आणि त्यांना सोडायला येऊन इथेच अडकलेले त्यांचे आई-बाबा. तर आधी आई-बाबांसाठी थोडंसं.

‘सोनपरी’ आठवते ना, मृणाल कुलकर्णींची? तिथे जादू परीकडे होती. फ्रूटीने गोळा घासला की परी हजर. जपानी ‘माहो शोजो’ प्रकारात मदतीला परी येत नाही, शाळकरी मुलीलाच रूप बदलून लढावं लागतं. नाओको ताकेउची यांची चित्रकथा 1991 साली ‘नाकायोशी’ मासिकात सुरू झाली, आणि 1992 पासून तोएईने तिच्यावर मालिका केली. पाच पर्वं, 200 भाग. आज बोलायचंय ते पाचव्या, म्हणजे ‘सेलर स्टार्स’बद्दल. मार्च 1996 ते फेब्रुवारी 1997, 34 भाग, दिग्दर्शक ताकुया इगाराशी.

या पर्वापाशी येईपर्यंत गोष्टीचा पसारा अफाट झालेला असतो. उसागीचा मागचा जन्म आपल्याला माहीत आहे. पुढे ती राणी होणार, मामोरूशी लग्न करणार, हेही माहीत आहे. त्यांची भविष्यातली मुलगी तर घरात राहून गेली आहे! पहिल्याच पर्वाच्या शेवटी सगळ्या मैत्रिणी मरून परत आल्या. आता भीती कशाची वाटणार? पण बघा, कीर्तनाला बसलेल्यांपैकी हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे कुणाला माहीत नसतं? तरी डोळे पुसतातच. शेवट ठाऊक असला की गोष्टीने दुसरीकडे कुठेतरी धरावं लागतं. पाचवं पर्व कुठे धरतं, हा आमचा आजचा मुद्दा.

मामोरू शिकायला अमेरिकेला जातो. उसागी त्याला पत्रं लिहिते. उत्तर येत नाही. फोन करते, काही नाही. एवढंच.

खरं म्हणजे गॅलॅक्सियाने त्याला वाटेतच संपवलेलं असतं. चित्रकथेत हे विमानतळावर उसागीच्या डोळ्यांदेखत घडतं आणि धक्क्याने ती ते विसरते. म्हणजे वाचकाला कळलेलं असतं. मालिकेत मात्र तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही, अगदी शेवटापर्यंत. आम्हाला मालिकेचा हा बदल मूळ चित्रकथेपेक्षा सरस वाटतो. मृत्यू परत फिरवता येतो हे आपण शिकलोय. पण बातमीच नसेल तर परत फिरवणार काय? 1996 साली आपल्याकडे बूथमध्ये मीटरवर डोळा ठेवून अमेरिकेशी बोलत. आज बाळकुम-कोलशेतच्या नव्या इमारतींत अशी कितीतरी घरं असतील, ज्यांचा दिवस व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन निळ्या खुणांवर ठरतो. त्यांना उसागी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि ही मुलगी रडूबाई म्हणून प्रसिद्ध आहे हे लक्षात ठेवा. परीक्षेत कमी गुण पडले तरी भोकाड पसरणारी. तीच आता हसून म्हणते, तो अभ्यासात असेल. शाळेच्या गच्चीवर, पावसात, शेवटी तिचा बांध फुटतो, तेव्हा तो एवढा जड का वाटतो? कारण मागचे दीडशेहून जास्त भाग आपण तिचं खोटं-खोटं रडणं ऐकलेलं असतं. लांबलेल्या मालिकेने स्वतःच्या लांबीचा इतका चांगला उपयोग केलेला आम्ही फारसा पाहिलेला नाही.

त्या गच्चीवर तिच्यासमोर सेइया असतो. ‘थ्री लाइट्स’ या गाणाऱ्या त्रिकुटातला. ताकेउचींच्या मुळात हे तिघं म्हणजे पुरुषवेशातल्या स्त्रिया. मालिकेने त्यांना एरवी पुरुष केलं, लढताना स्त्रिया. यावर आजही भांडणं होतात. बालगंधर्वांच्या मुलखात आपण त्याने दचकायचं कारण नाही, पण मालिका स्वतःच दचकते, हे मात्र खरं. बदल केला आणि त्यावर सरळ बोलायचं टाळलं. मात्र या तिघांचं गाणं बघा. ते कशासाठी गातात? हरवलेली राजकन्या कुठेतरी ऐकेल म्हणून. म्हणजे तेही उत्तर न येणारी पत्रंच पाठवताहेत. सेइया आणि उसागी जवळ येतात ते प्रेमामुळे नंतर, आधी या एकाच दुखण्यामुळे.

दोष आहेतच. पहिले सहा भाग मागच्या पर्वातल्या नेहेलेनियाचं उरलेलं बिल फेडण्यात जातात. मधले कित्येक भाग ठरलेल्या साच्याचे: एक माणूस, एक राक्षस, एक रूपांतर, संपलं. फक्त खलनायिका सायरन आणि क्रो ऑफिसातल्या सहकाऱ्यांसारख्या कुरबुरतात ते गमतीचं, आणि एकीच्या जाण्याने दुसरी खचते ते गमतीचं नाही.

शेवटी उसागी गॅलॅक्सियाशी लढायचं नाकारून हात पुढे करते. ते पटतं. मग सगळे परत येतात, मामोरूही, आणि तो इतका झटकन येतो की त्या सगळ्या पत्रांचा हिशेब राहूनच जातो. चांदण्यात दोघं उभी आहेत, छानच आहे, पण आम्ही मनात म्हणत होतो: अगं, विचार की त्याला!

आई-बाबांनो, घरी गेल्यावर बघायचंच असेल तर एकशे त्र्याहत्तराव्या भागापासून लावा. मामोरू तिथेच निघतो.