भेगांची शैली आणि संगणकाचे वाचन

जुन्या चित्रांवरील भेगांचा संगणकीय अभ्यास हा आपला विषय नव्हे, असे भाषेच्या अध्यापकास वाटणे साहजिक आहे. परंतु केंब्रिजच्या हॅमिल्टन कर इन्स्टिट्यूटमधील स्पाइक बकलो यांनी १९९८ साली आपल्या लेखास 'भेगांचे शैलीमापन' अशा अर्थाचे शीर्षक दिले. शैलीमापन, म्हणजे शब्दांच्या सवयी मोजून लेखक ओळखणे, ही मूळची साहित्याभ्यासातील पद्धत. त्यामुळे या दाव्याची तपासणी आपणही करावी.

बकलो यांनी चार परंपरा घेतल्या: फळीवरील इटालियन (१४-१५वे शतक) व फ्लेमिश (१५-१६वे), कापडावरील डच (१७वे) व फ्रेंच (१८वे). भेगांची दिशा, सरळपणा, जाळ्यात तयार होणाऱ्या 'बेटां'चा आकार ही त्यांची लक्षणे. इटालियन फळ्यांवर भेगा बहुधा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात, फ्लेमिश फळ्यांवर रेषांच्या दिशेने. निरीक्षण मोलाचे आहे. मात्र येथे मोजले जाते ते लाकूड, अस्तर, सरस आणि हवामान. लेखकाची शैली त्याच्या हातची असते. भेग चित्रकाराच्या पश्चातही वाढत राहते. म्हणून 'परंपरा' हा शब्द मान्य, 'शैली' खटकतो.

शिवाय भेग खोटी साक्षही देते. हान व्हान मेगेरेन याने १७व्या शतकातील कापडावरचे चित्र खरवडून, कृत्रिम राळेत रंग कालवून, चित्र भट्टीत तापवून व रुळावर गुंडाळून भेगा पाडल्या. त्यांत काळी शाईही भरली. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस यांच्यासारख्या जाणकाराने त्याचे चित्र व्हर्मिअरचे म्हणून गौरवले. बिंग फुटले ते १९४५ साली, खुद्द मेगेरेनच्या कबुलीने.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भेगा शोधून त्या चित्राच्या प्रतिमेतून बुजवण्याचे तंत्र आता रुळले आहे. बारीक काळी रेघ दिसली की संगणक तिला भेग समजू लागतो. पण केस आणि अक्षरही बारीक काळी रेघच असते. ग्रीक संशोधक पिटास व सहकाऱ्यांनी २००६ साली रंगछटा व रंगाची गडदता पाहून कुंचल्याची रेघ वेगळी काढली. गेन्टच्या वेदीचित्रावर (१४३२, व्हान आइक बंधू) काम करणाऱ्या संशोधकांनी २०१३ साली तीन पद्धतींचे निकाल एकत्र केले. त्यांत गणितज्ञ इंग्रिड डोबेशी होत्या. मेरीसमोरील उघड्या पुस्तकातील मजकूर वाचता यावा, हाही त्यामागचा एक हेतू होता.

येथे लिपीचा माणूस थबकतो. नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे उर्दूच्या वर्गात पहिल्याच महिन्यात सांगावे लागते. संगणकाने भेग म्हणून एखादी रेघ बुजवली आणि ती अक्षराचा पाय असेल, तर वाचकापुढे येणारा शब्द कोणाचा? तीन पद्धतींचे जेथे जुळले नाही, नेमकी तीच जागा पाठचिकित्सेची. हस्तलिखितांचा अभ्यासक पाठभेद तळटीपेत देतो. चित्राच्या बाबतीतही मूळ छायाचित्र, भेगांचा नकाशा आणि बुजवलेली प्रत शेजारीशेजारी छापली पाहिजे. गेन्टच्या चित्राची अतिसूक्ष्म छायाचित्रे २०१२ पासून सर्वांस पाहण्यास खुली झाली आहेत, त्यामुळे निदान तेथे तरी बुजवलेली रेघ मुळाशी ताडून पाहता येते.