विनोदाचा पहिला उंबरठा
दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरील हिंदुस्तान टाइम्सच्या समूहातून पूर्वी निघणाऱ्या हिंदी ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादन मनोहर श्याम जोशी यांनी केले. त्यांचे ‘नेताजी कहिन’ हे उपरोधिक सदर त्याच साप्ताहिकात रुजले. पुस्तक मागाहून झाले. मराठीतही क्रम हाच दिसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख १९०२ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’त आले, ग्रंथरूप पुढे लाभले. कारण उघड आहे. उपरोधाची जोखीम संपादक एका अंकापुरती पत्करतो, प्रकाशकाला ती अख्ख्या आवृत्तीची पत्करावी लागते. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, हे खरे; परंतु पुरस्काराने प्रस्थापित विनोदकाराचा गौरव होतो, नवागताची उमेदवारी नियतकालिकातच होते. म्हणूनच नियतकालिक मिटते, तेव्हा प्रकाशकाचे दारही त्याला दूरचे होते.