रहस्यकथा, कौटुंबिक
रहस्यकथा, कौटुंबिक : गुन्ह्याचे मूळ घराबाहेरील टोळीत किंवा धनलोभी परक्यात न शोधता ते पतिपत्नी, भावंडे, आईबाप व मुले यांच्या परस्परसंबंधांत शोधणारा रहस्यकथेचा एक प्रकार. वैवाहिक प्रतारणा, तोतयेगिरी, लपविलेला विवाह किंवा अपत्य, दडपलेला मृत्यू आणि या सर्वांवर घराने धरलेले मौन ही त्याची नेहमीची सामग्री होय. हेरकथेत ‘कोणी केले?’ हा प्रश्न प्रमुख असतो. येथे ‘कोणाला ठाऊक होते आणि ते का बोलले नाहीत?’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे गुप्तहेर आणि पोलीस यांचे स्थान गौण होते व संशय, भय, अपराधभाव यांसारख्या मनोव्यापारांना प्राधान्य मिळते. मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी म्हणून जी ओळखली जाते, तिचा फार मोठा भाग याच प्रकारात मोडतो.

इंग्लंडमध्ये हा प्रकार विल्की कॉलिन्झच्या द वूमन इन व्हाइट (१८६०) व मेरी एलिझाबेथ ब्रॅडनच्या लेडी ऑड्लीज सीक्रेट (१८६२) या कादंबऱ्यांनी लोकप्रिय केला. दुसरीतील नायिका पहिला पती जिवंत असता नाव बदलून दुसरा विवाह करते आणि तो झाकण्यासाठी गुन्ह्याच्या वाटेला जाते. विसाव्या शतकात पॅट्रिक हॅमिल्टनच्या गॅस लाइट (१९३८) या नाटकाने पत्नीला तिच्याच मनाविषयी साशंक करून वेडाच्या कडेवर नेणारा पती रंगविला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डॅफ्ने द्यू मॉरिएच्या रिबेका या कादंबरीत पतीने पहिल्या पत्नीचा केलेला वध उघडकीस येतो; पण ती व्यभिचारी होती असे कळताच वाचकाची सहानुभूती पतीकडे वळविली जाते. अनुपस्थित स्त्रीच्या माथी दोष मारून उपस्थितांना मोकळे करण्याची ही युक्ती मराठीतही आढळते. तिचा विचार पुढे केला आहे.

मराठीत या प्रकाराचा उगम कादंबरीपेक्षा रंगभूमीवर अधिक स्पष्टपणे दिसतो. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून झुंझारराव (१८९०) हे नाटक रचले. त्यात निर्दोष पत्नीचा बळी जातो तो प्रतारणेमुळे नव्हे, तर तिच्या नुसत्या संशयामुळे. पुढे मोल्येरच्या एका प्रहसनाच्या इंग्रजी रूपांतरावरून त्यांनी लिहिलेल्या संशयकल्लोळात (गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग, १९१६) तीच सामग्री विनोदासाठी वापरली आहे. वाटेत पडलेली एक तसबीर फाल्गुनरावाच्या पत्नीच्या हाती लागते आणि त्या एवढ्या पुराव्यावर पतीपत्नी परस्परांवर पाळत ठेवू लागतात. नाटकातून विनोद काढून घेतला, तर उरतो तो कौटुंबिक रहस्यकथेचा आराखडाच होय. येथे व्यभिचार घडलेलाच नसतो व अखेरीस घर निर्दोष ठरते. मराठी प्रेक्षकाला हा शेवट इतका मानवला, की गंभीर रहस्यकथेनेही तो पुढे कित्येक वर्षे सोडला नाही.

या प्रकाराच्या वाढीमागे कायद्यातील एक बदलही आहे आणि त्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हिंदू पुरुषाला दुसरी पत्नी करण्यास जोवर कायद्याची आडकाठी नव्हती, तोवर सवत हा दुःखाचा विषय होता, रहस्याचा नव्हता. ती उघडपणे घरात येई. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने व पुढे सर्व देशात १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने द्विभार्या हा गुन्हा ठरला, तेव्हा दुसरे लग्न लपविणे भाग पडले. जे लपवावे लागते त्यालाच कथानकात स्फोटक मूल्य येते. सामाजिक कादंबरीतील सवत या रीतीने रहस्यकथेतील साक्षीदार बनली.

तरीही मुद्रित रहस्यकथेने हा विषय लवकर हाताळला नाही. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनल्ड्झच्या आधारे लिहिलेल्या कादंबऱ्यांत भाऊबंदकी व कपट विपुल असले, तरी ते अद्भुताच्या अंगाने येते. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील काळा पहाड व झुंझार हे नायक घराघरांत परिचित झाले. या कथांत खलपुरुष बहुधा बाहेरून येतो, घराला वेठीस धरतो आणि त्याचा नायनाट होताच घर पूर्ववत होते. घरातच काही कुजलेले असेल ही शक्यता त्या फारशी विचारात घेत नाहीत. त्यांच्या प्रचंड खपाचे एक कारण हेच असावे. त्या वाचून कोणालाही आपल्या माणसांकडे संशयाने पाहावे लागत नसे.

या कथांचा वाचक मुंबई-पुण्यापुरता मर्यादित नव्हता. पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी) व दौंड ही तालुक्याची गावे या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येतील. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी ज्या पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर धावली, त्याच मार्गावर शिरूर आहे. दौंड हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील, मनमाडकडे फाटा फुटणारे जंक्शन. गाडीची वाट पाहण्यात तासन् तास जाणाऱ्या अशा ठिकाणी स्वस्त, खिशात मावणारे पुस्तक हा सोयीचा सोबती असतो. परंतु अशा गावांचा या प्रकाराशी असलेला संबंध केवळ वाचनाचा नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या घरात काय चालले आहे हे आळीला फार काळ अज्ञात राहत नाही. मात्र ते उघड बोलले जात नाही. तेथील गुपित म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट नव्हे, तर सर्वांना ठाऊक असून कोणीही उच्चारत नाही अशी गोष्ट. अब्रू या शब्दाचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. याउलट, तोच मनुष्य गाडीत बसून काही तासांत अशा शहरी पोहोचतो, की जेथे त्याचे कूळ, नाव, लग्न यांपैकी काहीच कोणाला माहीत नसते. लोहमार्ग आणि बस यांनी दुहेरी आयुष्य जगणे सुकर केले.

आचार्य अत्रे यांच्या तो मी नव्हेच (१९६२) या नाटकाचा पाया हाच आहे. एका गाजलेल्या प्रत्यक्ष खटल्यावरून सुचलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग नाट्यनिकेतनाने ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत केला. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणविणारा लखोबा लोखंडे निरनिराळ्या गावी निरनिराळ्या नावांनी वावरतो, विवाह करतो, सासरच्या मंडळींना लुबाडतो आणि नाहीसा होतो. न्यायालयात एकेक साक्षीदार उभा राहतो व फिरत्या रंगमंचावर त्याची हकीकत प्रत्यक्ष घडते. प्रभाकर पणशीकर यांनी साकारलेली पाच रूपे हे या नाटकाचे मोठे आकर्षण ठरले व त्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने फसलेल्या कुटुंबांकडे दुर्लक्ष झाले. ही कुटुंबे फसतात ती भोळेपणामुळे नव्हे, तर वयात आलेल्या मुलीचे लग्न लवकर उरकावे या घाईमुळे. आणि फसल्यावर गप्प बसतात ती लाजेमुळे. एका गावाने धरलेले मौन हेच लखोबाचे पुढील गावचे भांडवल होते. मात्र प्रेक्षक हसत राहतो तो लखोबाच्या हजरजबाबीपणाला. त्या हास्यात फसविलेल्या स्त्रियांचे दुःख बुडून जाते, हा या नाटकाचा खरा उणेपणा होय.

वास्तव अशा कल्पनेच्या मागे नव्हते. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्यातील एक श्रीमंत विधवा आपल्या डॉक्टरसमवेत रेल्वेने मुंबईस निघाली व तेथील रुग्णालयात मृत्यू पावली. त्यानंतर तिच्या नावाने नातलगांना पत्रे येत राहिली : आपण पुनर्विवाह केला असून राजस्थानात सुखाने राहत आहोत, असा त्यांचा आशय होता. तो पती कधी अस्तित्वातच नव्हता. शरीरात विष आढळले नसतानाही परिस्थितीजन्य पुराव्यावरून डॉक्टर दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशीची शिक्षा कायम केली. या खटल्यातील सर्वांत अंगावर येणारी गोष्ट विष ही नसून ती पत्रे ही आहे. विधवेने पुन्हा लग्न केले म्हटल्यावर नातलग अधिक चौकशी करणार नाहीत, हा त्यामागील हिशेब होता. समाजाचा संकोच गुन्हेगाराने हत्यारासारखा वापरला.

या प्रकारातील सर्वांत रेखीव मराठी कथानक जयंत देवकुळे यांच्या आशा परत येते या कादंबरीचे होय. तीवरून राजा परांजपे यांनी पाठलाग (१९६४) हा चित्रपट काढला. तमिळमध्ये इदय कमलम् (१९६५) व हिंदीत मेरा साया (१९६६) ही त्याची रूपांतरे झाली. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या एका वकिलासमोर, गुन्हेगारांच्या टोळीतील म्हणून पकडलेली एक स्त्री उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. पतिपत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसलेल्या खुणा ती न्यायालयात सांगू लागते. वकिलापुढे दोनच पर्याय उरतात : ही स्त्री तोतया आहे, किंवा जिच्यासाठी आपण शोक केला ती दुसरीच कोणी होती. प्रत्येक खरी खूण त्याच्या दुःखाला थोडे थोडे खोटे ठरवीत जाते. मराठी रहस्यप्रधान चित्रपटात मनाची इतकी बारीक कोंडी क्वचितच साधली गेली आहे. उलगडा असा, की पत्नीला एक जुळी बहीण होती. तिचा मार्ग वाकडा असल्यामुळे तिचे अस्तित्व पत्नीने पतीपासून लपविले होते आणि घरात मरण पावली ती हीच बहीण.

कथानकाची मांडणी निर्दोष आहे. तिचा कौल मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पत्नीने असत्य सांगितले ते व्यभिचार झाकण्यासाठी नव्हे, तर माहेरची अब्रू राखण्यासाठी. म्हणून ते क्षम्य ठरते. स्त्रीविषयीच्या संशयाचे दोन भाग केले जातात : सारे काळे ते बहिणीकडे व सारे उजळ ते पत्नीकडे. काळा भाग मरण पावलेला असल्यामुळे त्याची बाजू ऐकण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. रिबेकात पहिली पत्नी जे काम करते, तेच येथे जुळी बहीण करते. आपली बहीण आहे एवढेही सांगता येऊ नये असे ते सहजीवन कसले होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. आनंदी पुनर्मीलनाच्या भरात तो प्रेक्षकाला सुचतही नाही. वसंत जोगळेकर यांच्या हा खेळ सावल्यांचा (१९७६) या चित्रपटाने दुसरी स्त्री बाहेर न शोधता दुभंग एकाच स्त्रीच्या मनात दाखविला, ही पुढची पायरी होती.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेने हे विभाजन बऱ्याच अंशी नाकारले. खेकडा, मध्यरात्रीचे पडघम, कबंध, रंगांधळा इ. संग्रहांतील त्यांच्या कथा भूतकथा नव्हेत, तशाच हेरकथाही नव्हेत. मध्यमवर्गीय घर, परिचित संभाषण, किंचित खटकणारा एखादा तपशील आणि मग हळूहळू सरकणारी जमीन, ही त्यांची पद्धत. अपराधी माणूस येथे बहुधा सभ्य असतो व शिक्षा न्यायालयाकडून न येता त्याच्या मनाकडून, किंवा जिचा उलगडा होत नाही अशा एखाद्या शक्तीकडून येते. नारायण धारप यांच्या भयकथांत अमानवी शक्ती निःसंदिग्धपणे बाहेर असते. मतकरींच्या उत्तम कथांत ती बाहेर आहे की आत, हे अखेरपर्यंत कळत नाही. काही कथांत शेवटच्या कलाटणीचा मोह त्यांना आवरत नाही आणि पात्र कलाटणीपुरतेच उरते, हेही नमूद केले पाहिजे.

रहस्यकथा न म्हणविणाऱ्या लेखनात याच विषयाचा अधिक कठोर विचार झाला. विजय तेंडुलकर यांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या नाटकात खेळ म्हणून मांडलेला खटला लीला बेणारे या शिक्षिकेच्या खाजगी आयुष्यावर उलटतो. विवाहित प्राध्यापक दामले हा तिचा सहअपराधी. तो रंगमंचावर येतच नाही. पाठलागमध्ये अनुपस्थित स्त्री दोषी ठरते, येथे अनुपस्थित पुरुष सुटतो. रहस्याचा उलगडा झाल्याने येथे कोणाचीही सुटका होत नाही. उलट उलगडा हीच शिक्षा होते. गिधाडे (प्रयोग १९७०) या नाटकात तर घरातील गुपिते इतकी उघडी आहेत, की लपविण्याचे सोंगही कोणी आणीत नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेचे व्यभिचारविषयक कलम ४९७ रद्द केले. ते कलम परपुरुषाला गुन्हेगार धरीत असे व पतीला फिर्यादी. पत्नीला त्यात स्वतःचे स्थान नव्हते. परदेशी कादंबरीत याच सुमारास पत्नी स्वतःच कपटाची सूत्रधार बनली होती. गिलियन फ्लिनची गॉन गर्ल (२०१२) ही तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण. मराठीत हृषीकेश गुप्ते यांच्या दंशकाल या कादंबरीने वाडा, घराणे आणि त्याने पिढ्यान् पिढ्या झाकून ठेवलेल्या गोष्टी यांकडे पुन्हा मोर्चा वळविला. पती, पत्नी आणि तिसरी व्यक्ती यांच्यापेक्षा संबंध घर हाच संशयित मानण्याची ही दिशा मराठी कुटुंबाच्या घडणीला अधिक जवळची आहे. तालुक्याच्या गावातील ते सर्वांना ठाऊक असलेले मौन मात्र रहस्यकथेत अजून पुरेसे उतरलेले नाही.