‘स्मृतिस्थळा’तील माणसांची पारख
1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक ठरविला. अकोला-अमरावतीकडील लहान जिनिंग कारखाने साहजिकच त्याबाहेर राहिले. अशा अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, हे मात्र संख्येवरून ठरत नाही. त्या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेले ‘स्मृतिस्थळ’ वाचणे उद्बोधक ठरेल.

चक्रधरांच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केसोबासांना संस्कृतात रचना करण्याची ओढ होती. आचार्यांनी ती आवरली. कारण संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया तीस मुकल्या असत्या. या प्रसंगात केवळ मराठीचा अभिमान पाहणे अपुरे होय. येथे सर्वांत विद्वान शिष्याच्या हौसेपेक्षा सर्वांत दुबळ्याची हानी जड मानली गेली आहे. शिवाय विद्वत्ता वायाही गेली नाही : ‘सूत्रपाठा’चे संकलन केसोबासांनीच केले. (ग्रंथ शिष्यपरंपरेचा असल्याने आचार्यांच्या चुका त्यात क्वचितच आढळाव्यात, हे ध्यानी ठेवावे.)

तुलनेला एक मर्यादा आहे. हे शिष्य भिक्षेवर जगत. वेतनाचा प्रश्नच नव्हता. मजुरी थकलेल्या जिनिंग-कामगाराला हा दाखला देता येणार नाही.