‘अभी ले बगदाद’ : एका शुश्रूषकाच्या रोजनिशीचें परीक्षण

शस्त्रें, औषधें, तेल व पट्ट्या हातीं घेतलेले वैद्य युद्धसमयीं सैन्याच्या पिछाडीस उभे असावेत, असें कौटिल्य सांगतो. सुश्रुताचा ‘युक्तसेनीय’ अध्याय याहून विस्तृत आहे. परंतु त्यांतील वैद्याचें लक्ष मुख्यतः राजाकडे, त्याच्या अन्नपाण्याकडे व विषप्रयोगाकडे आहे. पायदळाच्या शिपायाची जखम रोज ज्यानें बांधिली, त्यानेंच स्वहस्तें लिहून ठेविलें आहे, असे ग्रंथ आपल्या वाङ्मयांत विरळा. म्हणून शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या १९५७ सालीं छापलेल्या या बंगाली ग्रंथाचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बंगाली मनुष्य लढवय्या नव्हे, या सरकारी समजामुळें १९१५ सालीं सुशिक्षित बंगाली तरुणास रणभूमीवर जाण्याची वाट म्हणजे ‘बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअर’ हें स्वयंसेवकांचें पथक. त्या वाटेनें सर्वाधिकारी मेसोपोटेमियांत गेले व जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफोनच्या लढाईंत होते. पुढें कुतचा वेढा (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६), शरणागति आणि रास-अल-ऐन व अलेप्पो येथील कैद. कैदेंतही काम इस्पितळाचेंच.

टेसिफोननंतर जखमींची जी दैना झाली तिची चौकशी मेसोपोटेमिया कमिशननें केली. रुग्णवाहक गाड्या पुरेशा नसल्यानें माणसें स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीकांठीं आणावीं लागलीं, हें १९१७ च्या अहवालांत आलें आहे. परंतु कमिशन साक्षी घेऊन लिहितें. सर्वाधिकारी त्या माणसांमध्येंच वावरत होते. याच मोहिमेंतील कॅप्टन कल्याण मुखर्जी यांचीं पत्रें त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनीं ‘कल्याण-प्रदीप’ (१९२८) या ग्रंथांत दिलीं आहेत. मुखर्जी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी होते. ते १९१७ सालीं कैदेंत वारले. तीं पत्रें अंतःकरणास भिडतात खरीं, तथापि तीं डॉक्टर अधिकाऱ्याचीं आहेत. सर्वाधिकाऱ्यांच्या अंगावर अधिकाराचें चिन्ह नाहीं. म्हणून शिपाई त्यांच्यापाशीं अधिक मोकळा होतो. ग्रंथाचें खरें मोल आमच्या मतें येथें आहे.

आतां प्रामाण्याचा प्रश्न. कुत पडल्यावर लेखकानें रोजनिशी फाडून तिचे तुकडे बुटांत लपविले. त्यांवरून पुढें दुसऱ्या वहींत नक्कल केली. ती तैग्रिस ओलांडतांना भिजली, आणि रास-अल-ऐन येथें कांहीं काळ जमिनींत पुरावी लागली. दप्तराला वाळवी लागली म्हणून हळहळणाऱ्या आम्हां संग्राहकांस हा इतिहास वाचून क्षणभर लाजल्यासारखें होतें! परंतु लाज वाटली म्हणून चिकित्सा सोडतां येत नाहीं. प्रस्तुत ग्रंथांत तीन थर आहेत: कुतमधील टिपणें, त्यांची कैदेंतील नक्कल, आणि चाळीस वर्षांनंतरची स्मृति. लढाईंतील हालचालींच्या तारखा व पलटणींच्या जागा यांसाठीं सरकारी इतिहासच पाहावा. माणसें काय बोललीं, कशानें विव्हळलीं, तुर्की पहारेकरी व आर्मेनियन निर्वासित कसे वागले, याबाबत मात्र आम्ही या साक्षीदारास प्रथम स्थान देऊं. कारण त्या गोष्टी लिहिण्याचें सरकारी इतिहासकारास प्रयोजनच नव्हतें.

एक गोष्ट आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष लागते. कुतमध्यें कोंडलेल्या पलटणींत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. तेव्हां त्यांतील जखमी कोणत्या हातांनीं उचलले गेले, हें समजण्यास आज एक बंगाली ग्रंथ वाचावा लागतो. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनीं लिहिलेलीं पत्रें बहुतांशीं सेन्सॉरच्या इंग्रजी उताऱ्यांतच उरलीं. मूळ अक्षर गेलें. आम्ही स्वतः पेशवाईची सनद दिसली कीं पदरमोड करून घेतों, आणि त्याच घरांतील शिपाई आजोबांचें कार्ड रद्दींत जाऊं देतों. हा दोष आमचाही आहे.

ज्या सभासदांच्या गांवीं या तीन पलटणींतील शिपायांचे वंशज राहतात, त्यांनीं घरांतील पेट्या एकवार उघडून पाहाव्यात. पलटणीचें डिस्चार्ज सर्टिफिकेट, कैदेंतून आलेलें कार्ड किंवा इस्पितळाची चिठ्ठी आढळल्यास कागद न दुमडतां, शाई न पुसतां, त्याची नक्कल मंडळाच्या चिटणीसांकडे धाडावी.