भरीव घुमट, पोकळ घुमट

स्तूपात शिरायचे नसते, त्याच्याभोवती फिरायचे असते. आत काय आहे हे दिसत नाही, तरी ते आहे या भरवशावर सगळी रचना उभी असते. स्तूपकलेचे मोजमाप मी याच कसोटीवर करतो.

मृतावर मातीचा ढिगारा रचण्याची रीत बुद्धाच्याही आधीची. महापरिनिब्बान सुत्तानुसार कुशिनारेत बुद्धाच्या अस्थींवरून युद्धाची वेळ आली, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने 8 वाटे केले. मोजायचे भांडे त्याने स्वतःकडे ठेवले आणि उशिरा पोहोचलेल्या मोरियांच्या वाट्याला नुसते निखारे आले. त्यातून 10 स्तूप झाले. अशोकाने त्यांतले 7 उघडून 84,000 स्तूप उभारल्याचे परंपरा सांगते. आकडा शब्दशः घ्यायचे कारण नाही, पण हेतू उघड आहे: बुद्ध गावोगावी पोहोचवायचा.

सांचीच्या महास्तूपात अस्थी सापडल्याच नाहीत. बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचे अवशेष 1851 साली मिळाले ते शेजारच्या लहान स्तूपात. तरीही महती महास्तूपाची, कारण अशोककालीन विटांच्या गाभ्यावर पुढच्या पिढ्या दगड चढवत गेल्या आणि सातवाहनकाळात तोरणे उभी राहिली. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान कोरलेले आहे, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचेही. दगडातली ती बारीक नजर हस्तिदंतावर तयार झालेली, हे पटायला वेळ लागत नाही. भोवतीच्या कठड्यावर, म्हणजे वेदिकेवर, भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी यांची नावे आहेत. एवढे सगळे कोरूनही तोरणांवर बुद्धाची मूर्ती मात्र कुठे नाही. 

सह्याद्रीत स्तूप डोंगरातूनच कोरून काढले. भाज्याला 14 स्तूप एकत्र आहेत, त्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे आहेत. त्यांपुढे कार्ल्याचा भव्य चैत्यही मला थोडा दिखाऊ वाटतो. 1882 साली नालासोपाऱ्याला संशोधक भगवानलाल इंद्रजींना मिळालेले अवशेष मात्र विटांच्या स्तूपातले: एकात एक करंडक आणि सगळ्यांत आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भांड्याचे तुकडे.

आज घुमट पोकळ झाला आहे. नागपूरची दीक्षाभूमी आणि गोराईचा विपश्यना पॅगोडा ही त्याची ठळक उदाहरणे. गोराईत खांबाविना घुमटाखाली सुमारे 8,000 माणसे ध्यानाला बसू शकतात, अवशेष डोक्यावर घुमटात ठेवलेले आहेत. परंपरेच्या कैवाऱ्यांना हे खटकते, मला नाही. 1956 साली दीक्षाभूमीवर लाखोंनी एकत्र येऊनच धम्म स्वीकारला. तिथे माणसांना सामावून घेणारा घुमटच हवा. खटकतात ती जागोजागी उभी राहिलेली सिमेंटची सांची-तोरणे. त्यांच्या चौकटी कोऱ्या असतात, वेदिका नसते, फिरायला वाटही नसते. ती वाट आखायला खर्च तोरणापेक्षा कमीच येईल.