दुधाचे मोल : बालसंगोपनातील विषमतेची दोन कथारूपे

बालसंगोपनातील विषमतेचा विचार आपल्याकडे बहुधा समाजशास्त्राच्या हाती सोपवला जातो. परंतु ही विषमता समाजाला स्वाभाविक का वाटते, हे कथात्म साहित्यात विशेष स्पष्टपणे दिसते. या दृष्टीने प्रेमचंदांची 'दूध का दाम' ही हिंदी आणि महाश्वेतादेवींची 'स्तनदायिनी' ही बंगाली कथा एकत्र वाचणे उद्‌बोधक ठरते.

दोन्ही कथांत संपन्न घरातील अर्भके परक्या स्त्रीच्या दुधावर वाढतात. जातीचे स्थान मात्र नेमके उलट आहे. प्रेमचंदांची भुंगी अस्पृश्य आहे. जमीनदाराच्या मुलाला ती पाजते तोवर घरात तिचा शब्द चालतो. पुढे धर्माची आठवण होते आणि दूध तोडले जाते. महाश्वेतादेवींची यशोदा ब्राह्मण आहे आणि हालदारांच्या घरात तिच्या दुधाला पावित्र्य लाभते. एकीला जात दूर लोटते, दुसरीला देवत्व देते. शेवटी दोघींच्याही वाट्याला उपेक्षाच येते.

भेद आहे तो दृष्टिबिंदूचा. प्रेमचंद पाजणारीच्या स्वतःच्या मुलाकडे पाहतात. वरच्या दुधावर कसाबसा वाढलेला मंगल पोरका झाल्यावर त्याच घराच्या दाराशी उष्ट्यावर जगतो. 'स्तनदायिनी'त यशोदेची मुले पार्श्वभूमीलाच राहतात. केंद्रस्थानी असते तिचे झिजणारे, कर्करोगाने पोखरलेले शरीर. लेखिकेने स्वतः ही कथा स्वातंत्र्योत्तर भारताचे रूपक मानली. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी या रूपकवाचनाच्या मर्यादा दाखवल्या, त्या येथे महत्त्वाच्या आहेत. यशोदेला भारतमाता केले, की तिची मजुरी दिसेनाशी होते. सार्वजनिक मनोवृत्तीचा गाभाही हाच आहे : संगोपनाला मातृत्व म्हटले, की मोबदल्याचा हिशेब अशिष्ट ठरतो.

या मनोवृत्तीला छेद देणारा प्रयोग मराठी प्रदेशात झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांपर्यंत पोहोचले. मंगलला दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला 'अंगणवाडी' हे कृतीतून दिलेले उत्तर होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. परंतु तेथे शिकवणारी 'सेविका' झाली आणि तिचे वेतन 'मानधन'. हे शब्द निरागस नाहीत. सेवेला मान असतो, दाम नसतो, हा यशोदेच्या घरचाच न्याय प्रशासनाच्या भाषेत उतरला. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क मानले. ६ वर्षांखालील मुलांचे संगोपन मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सांगण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय यावा लागला.

तौलनिक अभ्यासाने येथे केवळ आशयसाम्य नोंदवून थांबू नये. भारतीय साहित्यातील मातृप्रतिमांचे वाचन करताना, दुसऱ्याचे मूल सांभाळणारीचे मूल कोण सांभाळते, हा प्रश्न प्रत्येक संहितेला विचारला पाहिजे. प्रेमचंदांनी तो विचारला होता. मातृत्वाच्या गौरवात तो अनेकदा ऐकू येत नाही.